पांढऱ्या घोडीमार्फत

लग्न होऊन कित्येक वर्षं झाली तरी मी माझ्या सासऱ्यांशी एक शब्द बोलले नव्हते. भांडण नव्हतं हो. आमच्या खानदेशात, निदान आमच्या घरात तरी, सुनेनं सासऱ्यासमोर पदर नाकाखाली ओढायचा आणि तोंड बंद ठेवायचं, अशी रीत होती. सिल्वासाला आल्यावर गावाकडच्या बऱ्याच सवयी आम्ही दमणगंगेत सोडून दिल्या, पण ही मात्र सामानाबरोबर बांधून आणलेली. आता तोंड बंद ठेवणं हा काही माझा स्वभाव नाही, मला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा. पण रीत म्हणजे रीत.

सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. त्यांचा धंदा घोड्यांचा. दर हिवाळ्यात तापीकाठच्या घोडेबाजारात जायचे, दोन-तीन जनावरं ट्रकमध्ये घालून आणायचे आणि इकडे विकायचे. ऐंशीच्या दशकात सिल्वासात कारखान्यांवर कारखाने उभे राहत होते, माणसांच्या हातात पैसा खेळायला लागला होता, आणि पैसा आला की नवरदेवाला घोडी लागतेच. ज्याच्या बापानं लग्नाला सायकलसुद्धा पाहिली नव्हती, तोही म्हणायचा, वरात घोडीवरच निघाली पाहिजे. माझे मिस्टर सुताच्या कारखान्यात पाळीवर होते. आम्ही गावाबाहेर खोली घेऊन राहायचो. मागे पत्र्याची छपरी होती, तीच आमची पागा.

सासूबाई होत्या तोवर माझं ठीक चाललं. मी त्यांना सांगायचं, त्यांनी आबांना सांगायचं, आबांनी त्यांना झापायचं. त्या गेल्या आणि मधला माणूसच गेला. मिस्टर एक तर पाळीवर, नाही तर पाळी करून झोपलेले. पोरं तेव्हा अजून बोबडी. मग सांगायचं कुणाला? एके दिवशी घोडीला खरारा करताना मी वैतागून तिलाच म्हटलं, "काय गं बये, चंदी संपत आली की तुझी. उद्या काय हवा खाशील?" बाहेर खाटेवर आबा बसले होते. थोड्या वेळानं त्यांचा आवाज आला, तोही घोडीलाच: "तिले सांग, उद्या हरभरा आणतो."

झालं. तेव्हापासून आमचं सगळं बोलणं घोडीमार्फत. घोड्या यायच्या, विकल्या जायच्या, पण निरोप पोचवायचं काम जी दावणीला असेल तिच्याकडे. भाजी काय करू इथपासून ते पाहुणे येणार आहेत, खोकल्याचं औषध घेतलं का, इथपर्यंत सारं. लेकी बोले सुने लागे म्हणतात, आमच्याकडे घोडी बोले सासऱ्या लागे. शेजारी रत्नागिरीकडच्या मास्तरीणबाई राहायच्या, सरकारी शाळेत शिकवायच्या. त्या एकदा भिंतीवरून म्हणाल्या, "अहो, तुम्ही त्या मुक्या जनावराला गॅस सिलिंडरचा नंबर लावायला काय सांगता?" मी म्हटलं, "बाई, मुकं आहे म्हणूनच सांगते. मधे आपलं घालत नाही."

आबांची पारख म्हणजे पंचक्रोशीत शब्द होता. ते घोडीजवळ गेले की आधी बोलायचे नाहीत. मानेवरून हात, छातीवरून, पाठीवरून, मग चारही पायांवरून सावकाश खाली खुरापर्यंत. लोक म्हणायचे, आबांचे हात बघतात. मलाही त्याचं कौतुक वाटायचं. पण एका वर्षी माझ्या लक्षात यायला लागलं की हात जरा जास्तच बघताहेत. भिंतीवरचा दोर हुडकायला ते अख्खी भिंत चाचपायचे. दारात उभ्या माणसाला ओळखायच्या आधी तो बोलेपर्यंत थांबायचे. अंगणात पाय टाकताना आधी टाच टेकवून बघायचे. मी मिस्टरांना म्हटलं, आबांना कमी दिसतंय. ते म्हणाले, "वय झालं. तू उगाच काही काढू नकोस." पुरुषांचं हे बरं असतं, वय झालं म्हटलं की पुढे काही करावं लागत नाही.

त्याच हिवाळ्यात आबा बाजारातून एक पांढरी घोडी घेऊन आले. काय घोडी होती. दुधासारखी पांढरी, उंचीपुरी, आयाळ मऊसूत, आणि स्वभाव इतका शांत की कानाशी डबा वाजवला तरी हलायची नाही. वरातीसाठी याहून चांगलं जनावर कुठलं? बँड आणि फटाक्यांत उभी राहणारी पांढरी घोडी म्हणजे सोनंच. आबा खूश होते. म्हणाले, घोडीलाच, "समोरच्या गड्यानं फार ताणून धरलं नाही. वर चहा पाजला." मला तेव्हाच समजायला हवं होतं. घोडेबाजारात विकणारा आपल्या पैशानं चहा पाजतो तेव्हा काहीतरी घोळ असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिचं तोंड ओल्या फडक्यानं पुसत होते. पुसता पुसता डाव्या डोळ्याखाली केस उलटे फिरलेले दिसले. पांढऱ्यावर पांढरं, सहज दिसणारं नव्हतं. मी पाणी लावून बघितलं. केस गोल फिरून बरोबर मध्ये आले. भोवरा. डोळ्याच्या खाली, जिथून आसू ओघळतो तिथे.

घोड्यांच्या धंद्यात अंगावरचे भोवरे फार बघतात. कुठला शुभ, कुठला अशुभ, सगळं ठरलेलं. आणि सगळ्यांत वाईट हा. अशा जनावराला आसूढाळ म्हणतात. आसूढाळ घोडी ज्याच्या दारी जाईल त्या घरात रडणं येतं, अशी समजूत. माझा विश्वास आहे का म्हणाल, तर नाही. कोण कधी रडणार हे घोडीच्या केसांना काय कळतंय? पण धंदा माझ्या विश्वासावर चालत नाही, घेणाऱ्याच्या विश्वासावर चालतो. लग्नाच्या वरातीला तर अशी घोडी कुणी दारात उभी करणार नाही. वरातीत एखादा म्हातारा असतोच जो आधी घोडीचे डोळे बघतो.

मी घाबरले ती घोडीमुळे नाही, आबांमुळे. डोळ्याखालचा भोवरा ही काही शोधून काढायची गोष्ट नाही, सगळ्यात आधी तिथेच बघतात. तो आबांना दिसला नव्हता, म्हणजे आबांना दिसतच नव्हतं.

मी नेहमीच्या मार्गानं प्रयत्न केला. आबा खाटेवर येऊन बसल्यावर घोडीला मोठ्यानं म्हटलं, "काय गं, हे तुझ्या डाव्या डोळ्याखाली काय आहे?"

आबा म्हणाले, "चिखल व्हई. पुशी टाक म्हणा."

मी म्हटलं, "बाई गं, पुसून जाणारं नाही ते."

आबा उठून आत गेले. त्यांना समजलं की नाही, कोण जाणे. पुढे घोडीला आणखी काय सांगायचं मला सुचेना. भोवरा आहे म्हणणं सोपं होतं हो. पण त्याचा अर्थ होत होता, आबा, तुम्ही आंधळे झालात. ते घोडीच्या तोंडून तरी कसं सांगू? संध्याकाळी मिस्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "घेणारा येईल तो बघून घेईल. बाजारात हेच चालतं, पाहून घ्या आणि न्या. तू गप्प बस."

पण घेणारा बघणारा नव्हता. तिथेच तर सगळी गोम होती. सिल्वासातला एक घोडीवाला होता, गुजराती. लग्नाला घोडी आणि बँड दोन्ही पुरवायचा. दरवर्षी आबांकडूनच घोडी न्यायचा आणि कधी वाकून खुरसुद्धा बघायचा नाही. "काका, तमे जोयुं ने, बस, पत्युं," म्हणायचा. म्हणजे तुम्ही पाहिलंत ना, मग विषय संपला. आबांचं सारं वैभव या एका वाक्यात होतं. शेत विकलं, गाव सुटलं, बायको गेली, पण सिल्वासापासून खानवेलपर्यंत कुणीही म्हणायचं, आबांनी पाहिलंय ना, मग झालं. आता हा माणूस ही घोडी नेणार, पहिल्याच वरातीत कुणी तरी बोट दाखवणार, मांडवात बोंब होणार, आणि तो घोडी घेऊन आमच्या दारात येणार. म्हातारपणी आबांवर फसवणुकीचा शिक्का बसला असता, आणि तोही न केलेल्या फसवणुकीचा.

लग्नसराई तोंडावर होती. एका दुपारी तो आलाच. हातात घोडीच्या तोंडाला बांधायची नवी कोरी मोरकी, नारळ, कुंकवाची पुडी. लगेच घेऊन जायच्या तयारीत. घोडी बघून तो हरखला. तिच्याभोवती एक फेरी मारली, पाठीवर थाप दिली आणि खाटेवर आबांशेजारी बसला. मी दारात चहाचे कप घेऊन उभी. भाव ठरला. फार वेळ लागला नाही. मग त्यानं नेहमीचं वाक्य म्हटलं, आणि आबांनी घोडीच्या दिशेनं हात करून म्हटलं, "निर्दोष. माझा शब्द."

मी पुढे झाले. घोडीजवळ जाऊन तिच्या मानेला हात लावून म्हटलं, "बये, तुझ्या मालकाला सांग ना, डोळ्याखाली नीट बघ म्हणावं."

घोडीवाला हसला. त्याला वाटलं, सून जरा भोळी आहे. आबांचा चेहरा मात्र ताठ झाला. ते घोडीला म्हणाले, "तिले सांग, चहा ठेव आणि आत जाय."

मी कप ठेवले. पण आत जाता येईना. मला भयंकर राग आला होता. आबांचा, मिस्टरांचा, त्या चहा पाजणाऱ्या बाजारातल्या गड्याचा, आणि सगळ्यांत जास्त त्या रीतीचा. अख्खं घर बुडायला निघालंय आणि मी एका घोडीच्या कानात कुजबुजत बसलेय. मी वळले आणि आबांकडे तोंड करून म्हणाले, "आबा, घोडी आसूढाळ आहे. डाव्या डोळ्याखाली भोवरा आहे. मी ओल्या फडक्यानं पुसून पाहिलाय."

माझा आवाज मलाच परका वाटला. घोडीवाल्याचा कप हातातच राहिला. आबा उठले. हात पुढे करून घोडीपाशी आले, तिच्या गालावर हात ठेवला आणि अंगठा डोळ्याखाली फिरवला. एकदा, दोनदा. बोटांना घट्टे पडलेले, त्यांना काही लागेना. मी पाण्याचा तांब्या आणला, त्यांची बोटं त्यात बुडवली आणि माझ्या हातानं त्यांचा अंगठा त्या जागेवर नेला. ओल्या केसांवर तो गोल फिरला आणि थांबला.

आबांनी ओला अंगठा सदऱ्याला पुसला. मला वाटलं, आता माझ्यावर गरजतील. ते घोडीवाल्याकडे वळून म्हणाले, "भाई, ऐकलं ना? आता ही घोडी मी तुला देणार नाही. माझा शब्द परत घेतो. मला दिसत नाही."

घोडीवाल्यानं नारळ, कुंकू, मोरकी उचलली, आबांच्या पाया पडल्यासारखं केलं आणि गेला. त्याच्या मनात काय होतं ते कळायला मार्ग नव्हता. मला वाटलं, झालं, उद्या सगळ्या गावात होणार, आबा आंधळे झाले, त्यांच्याकडे जाऊ नका.

तिन्हीसांजेला मी पागेत घोडीला पाणी दाखवत होते. आबा आले. घोडी आमच्या दोघांच्या मध्ये होती. मी सवयीनं पदर ओढला. आबांनी घोडीची मान हलकेच बाजूला सारली आणि मला म्हणाले, मला, घोडीला नाही, "माले दखास नही, माय. दोन वरीस झालं."

आमच्याकडे सुनेला, लेकीला मायेनं माय म्हणतात. मला त्या शब्दानं रडूच फुटलं. मी म्हटलं, "मग सांगितलं का नाही?"

"आंधळ्याकडून घोडी कोण घेईल?"

"आणि आज काय घेतली?" मी म्हटलं. माझी जीभ ती, एकदा सुटली की सुटली. "दोन वर्षं लपवून काय मिळवलं? मोतीबिंदू आहे तो. मास्तरीणबाईंच्या आईचा काढला, ती आता सुईत दोरा ओवते. इथल्या दवाखान्यात शिबिर होतं दरवर्षी. तुम्ही घोड्यांचे दात काढता, नाल ठोकता, अन् स्वतःच्या डोळ्याला हात लावू देत नाही?"

इतक्या वर्षांचं साचलेलं मी एका दमात ओकले. चंदीपासून खोकल्यापर्यंत. शेवटी आबा म्हणाले, "लोकांना समजलं असतं ना, शिबिराला गेलो असतो तर. आता काय, समजलंच. चल, नाव घाल." आणि खरंच, लपवायला काही उरलं नाही म्हटल्यावर त्यांची भीतीही निम्मी झाली. मिस्टर पाळीवरून आले तेव्हा सासरा आणि सून समोरासमोर बसून बोलताहेत हे बघून ते दारातच थबकले. म्हणाले, "मला आधी कुणी सांगेल का काय झालं?" मी म्हटलं, "तुमचं वय झालं, तुम्ही झोपा."

शिबिरात डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आबा हिरवी पट्टी लावून घरी आले. पांढऱ्या घोडीचं काय करायचं हा प्रश्न होताच. आबा म्हणाले, असू दे दारात. मिस्टर सुट्टीच्या दिवशी तिला गावातल्या मोठ्या बागेबाहेर न्यायला लागले. सुरत-वलसाडकडची माणसं सिल्वासाला हवा खायला यायची. बाप मंडळी कुठली हवा खायला यायची ते सगळ्यांना ठाऊक, तिकडे दारूबंदी ना, पण बरोबरच्या पोरांना घोडीवर चक्कर हवी असायची. पोरं काही भोवरे बघत नाहीत. घोडीही इतकी गुणी की कुणीही पोर तिच्या आयाळीला लोंबकळावं. आमच्या घरात तिनं रडू आणलं म्हणाल तर आणलं, माझं, त्या संध्याकाळचं. त्यानंतर मला तरी काही वाईट आठवत नाही.

पट्टी असतानाच एक दिवस घोडीवाला परत आला. आमच्याकडे तेव्हा एक तांबूस घोडी होती, आबांनी आधीच्या हंगामात आणलेली. आबांनी पट्टीच्या कडेनं त्याच्याकडे बघायचा प्रयत्न केला आणि म्हणाले, "भाई, मी अजून काही सांगू शकत नाही. चष्मा येईपर्यंत थांब."

तो म्हणाला, "काका, तमे आराम करो. बेनने बोलावो." बहिणीला बोलवा.

मी बाहेर आले. तो मोडक्या मराठीत म्हणाला, "बेन, बाजारात सगळे आपली घोडी चांगली सांगते. तुम्ही खराब सांगितली. म्हणून मी आला." मी आबांकडे पाहिलं. आबा म्हणाले, "सांग माय. जसं आहे तसं." मग मी सांगितलं. पुढच्या उजव्या खुराला चीर आहे, नाल लावताना जपायला लागेल. फटाक्याला बिचकते, पण बँडला नाही. भोवरे सगळे जागच्या जागी. चंदी जास्त खाते, माझ्यासारखीच. तो मोठ्यानं हसला आणि मोरकी काढून माझ्या हातात दिली, घोडीला बांधायला. विकत घेणाऱ्याची मोरकी घरातल्या बाईनं बांधायची, असं आमच्याकडे कधी झालं नव्हतं. माझ्या हाताला गाठ लवकर बसेना.

महिन्या-दीड महिन्यानं चष्मा मिळाला. जाड भिंगांचा, काळ्या काड्यांचा. मिस्टर आबांना घेऊन दवाखान्यातून आले. आबा आधी पागेत गेले. पांढऱ्या घोडीचं तोंड दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ बघत होते. मग स्वतःलाच एक सणसणीत खानदेशी शिवी दिली, ती इथे लिहीत नाही. येऊन खाटेवर बसले. मी चहा घेऊन गेले. बोलणं सुरू झालं होतं तरी पदर अजून होता, हात आपोआप जायचा.

आबा म्हणाले, "माय, तो पदर वर घे जरा. ज्या बाईच्या शब्दावर मी घोड्या विकतो, तिचं तोंड मी अजून पाहिलं नाही."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की खरंच पाहिलं नव्हतं. मी पाटावर बसले तेव्हा डोक्यावरून पदर, नंतर घरात पदर, आणि मग त्यांचे डोळेच गेले. माझी पोरं शाळेत जायला लागली होती आणि सासऱ्यानं सुनेचं तोंड पाहिलं नव्हतं. मी पदर मागे सारला. कान गरम झाले. आबांनी चष्मा नीट बसवला आणि जनावर बघावं तसं सावकाश, कपाळापासून खाली, बघायला लागले. कपाळ, भुवया, डोळे. डोळ्यांशी फार वेळ थांबले. मला ते सहन होईना.

मी म्हटलं, "आबा, आता दातही बघता का?"

"दात नको," आबा म्हणाले, "जीभ ऐकली, तेवढं पुरे." त्यांचे डोळे भिंगांमागे मोठे दिसत होते आणि पाण्यानं भरले होते. हात पुढे करून त्यांनी माझ्या हातातून बशी घेतली आणि फुंकर मारून चहा प्यायला लागले.